नाव गादीचे, मरण माणसाचे

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढणे बरे नव्हे, हे मला कळते. फराळाचे डबे उघडलेले, अंगणात पोरांनी मातीचा किल्ला उभा केलेला, आणि अशा वेळी कोणी मास्तर एका राजाच्या अखेरीचे पुस्तक उघडून बसला, तर घरची माणसे नाराज व्हायचीच. माझ्या घरीही झाली. पण हा विषय माझ्यापुढे आला तो त्या किल्ल्यामुळेच. तेव्हा वाचकांनी थोडी सवड द्यावी.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या मुलांनी किल्ला केला. वर सिंहासनावर महाराज बसवले, खाली मावळे उभे केले, हळिवाची हिरवळ उगवली. माझा पाचवीतला पुतण्या पुठ्ठ्यावर नावे लिहीत होता. लिहिता लिहिता त्याने विचारले, "काका, शिवाजी महाराजांच्या मागनं राजाराम महाराज झाले न्हवं? मग आपलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं?"

मी म्हटले, "नाही रे, ते दुसरे राजाराम."

"आणि राजारामपुरी?"

"ते तिसरे."

"मग मधले कोण हुते?"

वीस वर्षे मी वर्गात इतिहास शिकवतो आहे. मधल्या राजारामांविषयी माझ्यापाशी तीन वाक्ये होती: दत्तक आले, विलायतेला गेले, परतताना वारले. पुतण्या म्हणाला, "आणि?" त्यापुढे मला काही सांगता येईना. तो आपल्या पुठ्ठ्याकडे वळला. मी मात्र दिवाळीभर त्या 'आणि'पाशी अडलो.

पुढे मी या राजारामांची रोजनिशी मिळवली. पुस्तक इंग्रजी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. शब्दकोश मांडीशी घेऊन मी ते पान पान वाचले. त्या वाचनातून जे मनात आले ते येथे मांडतो.

आधी थोडी हकीकत. पहिले राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र. ते १७०० साली सिंहगडावर वारले. त्यांच्या पत्नी ताराबाईंनी उभी केली ती करवीरची गादी. या गादीवर १८६६ मध्ये जे आले ते दुसरे राजाराम. त्यांचा जन्म १८५० चा; कोल्हापूरचे जुने ग्रंथालय, आजचे करवीर नगर वाचन मंदिर, निघाले त्याच वर्षीचा. जन्माचे नाव नागोजीराव, घराणे पाटणकरांचे. मामाच्या मांडीवर दत्तक बसले आणि नागोजीरावांचे राजाराम झाले. कारभार पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चालला होता. १८७० साली ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय वर्षे वीस. ते वाटेत लिहीत असलेली रोजनिशी, सोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट या अधिकाऱ्याने १८७२ मध्ये लंडनला छापून काढली.

हे नाव बदलण्याचे प्रकरण आमच्याकडे इतके नेहमीचे आहे की त्याचे आम्हांला काहीच वाटत नाही. राजारामांच्या मागे आलेले नारायणराव शिवाजी झाले. त्यांच्या मागे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव आले, त्यांचे शाहू झाले. गादीपाशी नावे ठेवलेली असतात; मूल येते, त्यातले एक अंगावर घेते, आणि आपले जुने नाव जन्मघरी ठेवून पुढे जाते.

ही चाल आपलीच आहे असे मला वाटे. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, हाच प्रकार आढळतो. तेथे माणसे 'क्लॅन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळांत वाटलेली. त्यांच्या गेलिक भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ लेकरे असा आहे. म्हणजे कुळाचा प्रमुख हा सगळ्यांचा बाप. कॅम्पबेल कुळाचा जो प्रमुख होईल त्याला 'मॅक्कॅलिन मोर', म्हणजे थोरल्या कॉलिनचा वंशज, म्हणतात. त्याचे स्वतःचे नाव काहीही असो. मॅक्लाउड कुळाचे प्रमुखपद १९३५ मध्ये फ्लोरा मॅक्लाउड या बाईंकडे आले. त्या १९७६ मध्ये वारल्या तेव्हा त्यांच्या मुलीचा मुलगा प्रमुख झाला, आणि त्याने बापाचे आडनाव सोडून मॅक्लाउड हे आडनाव घेतलेले होते. नागोजीरावांची गोष्ट निराळी काय आहे?

योगायोग असा की आमचे राजाराम १८७० मध्ये लंडनला गेले तेव्हा हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री होते आर्गाइलचे ड्यूक. म्हणजे त्या वेळचे मॅक्कॅलिन मोरच. त्यांच्या हाताखालचे उपमंत्री होते माउंटस्टुअर्ट ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचे चिरंजीव. तेही घराणे स्कॉटलंडचेच. एका कुळाचा प्रमुख राज्य गमावून मंत्री झाला होता, आणि दुसऱ्या कुळाचा प्रमुख नाममात्र राज्य घेऊन त्याच्या शहरात पाहुणा म्हणून उतरला होता. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगरी कुळांचा मोड झाला आणि पुढल्याच वर्षी कायदा करून कुळप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे पिढीजात अधिकार काढून घेतले गेले. आमचे संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. अधिकार गेले तरी दोन्हीकडे नावे राहिली, मान राहिले. कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही सोने लुटायला गर्दी होते, ती कोणाच्या हुकमाने नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अशा घराण्यात प्रमुखाचे मरण आले म्हणजे त्याविषयी लिहायचे कसे? आमच्या भाषेतला याचा मोठा नमुना सभासदाच्या बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला पहिल्या राजारामांच्या आज्ञेवरून लिहिली. शिवाजी महाराजांच्या अखेरीचा त्यातला भाग मी कित्येकदा वाचला आहे. महाराजांना आपला काळ कळतो, ते माणसे जवळ बोलावतात, राज्याचे पुढे कसे होईल ते सांगतात, आणि मग प्राण सोडतात. त्या दिवशी पृथ्वी कापते, धूमकेतू दिसतो, रात्री इंद्रधनुष्ये उमटतात. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा यासाठीच हे लिहिले आहे. पण त्या बिछान्यावर आजाराने थकलेला पन्नाशीतला एक माणूसही होता. त्याला तहान लागली असेल, कोणाची वाट पाहिली असेल. सभासदाने ते लिहिले नाही. हा त्याचा दोष असे मी म्हणणार नाही. तो राज्याच्या संकटकाळी, धन्याच्या मुलासाठी लिहीत होता. गादी हलली तर आकाश हलते, हे त्याला सांगायचे होते, आणि ते त्याने उत्तम सांगितले. अडचण पुढच्यांची झाली. पुढे कोणीही मोठा गेला की आम्ही सभासदाचेच आकाश उसने आणू लागलो. गावच्या सरपंचाच्या श्रद्धांजलीतही सूर्य मावळतो आणि वटवृक्ष कोसळतो. माणूस त्या वटवृक्षाखाली सापडतच नाही.

राजारामांची रोजनिशी या परंपरेच्या अगदी उलट आहे. आणि म्हणून तिचे गुणदोष नीट तपासले पाहिजेत.

दोष आधी सांगतो. पुस्तक म्हणून ती बेताचीच आहे. आज कोठे गेलो, कोण भेटले, काय दाखवले, अशा नोंदी एकामागून एक येतात. आमच्या शाळेतली मुले सहलीहून आल्यावर जो निबंध लिहितात, त्याच जातीचे हे लेखन. भाषा परकी, शिकून घेतलेली. वाक्य चुकू नये याची काळजी जागोजाग दिसते. दुसरे असे की ही रोजनिशी सर्वस्वी खाजगी नव्हती. भोवती इंग्रज अधिकारी, शिक्षक, सरदार. आपले लिहिणे आज ना उद्या कोणीतरी पाहणार, हे ज्याला ठाऊक आहे तो मुलगा मनातले किती लिहील? तिसरे म्हणजे संपादक. वेस्टने पुस्तक आपुलकीने सिद्ध केले आहे यात शंका नाही. पण तो सरकारचा माणूस होता. इंग्रजी शिक्षणाने एक देशी राजा कसा सुधारला, हे त्याला लंडनच्या वाचकांना दाखवायचे होते. त्याच्या हातून गेलेले पुस्तक आपण त्याच्याच खिडकीतून पाहतो, हे विसरून चालणार नाही.

इतके सगळे मान्य करूनही मला हे पुस्तक मोलाचे वाटते. कारण त्यात आपण मरणार आहोत हे त्या मुलाला ठाऊक नाही. बखरीतल्या राजाला ते आधीच ठाऊक असते, म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य शेवटचे असल्यासारखे येते. येथे मुलगा पार्लमेंट पाहतो, माणसे पाहतो, आणि उद्याही काही पाहायचे आहे या भरवशावर रात्री दोन ओळी खरडतो. त्या नोंदी जितक्या साध्या, तितक्या वाचणाऱ्याच्या मनाला लागतात. पानांचा गठ्ठा उजव्या हाताला कमी कमी होत जातो, तारीख पुढे सरकते, आणि ते फक्त आपल्याला कळत असते. शेवटी रोजनिशी थांबते. आजार आणि अंत्यसंस्कार यांची हकीकत वेस्टला सांगावी लागते. एकाचे अक्षर संपले आणि दुसऱ्याचे सुरू झाले, या सांध्यापाशी मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. कादंबरीकार म्हणून मी मरणाचे प्रसंग लिहिले आहेत. त्यांतला एकही इतका साधा नव्हता.

फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. तेथे प्रेत दहन करण्याची रीत नव्हती. परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात त्या ठिकाणी, रात्रीच्या वेळी, हिंदू रीतीने दहन झाले. संगम म्हटला की आम्हां कोल्हापूरकरांना प्रयाग चिखली आठवते. ज्यांनी ती जागा निवडली त्यांनाही परक्या मुलखात असाच काहीतरी आधार वाटला असेल. पुढे १८७४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. वर छत्री, खाली रंगवलेला अर्धपुतळा, चार भाषांतले लेख. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्री मेजर चार्ल्स मँटची, ज्याने आमचा नवा राजवाडा आखला. १९७०च्या दशकात जवळच एक मोठा पूल झाला. त्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक 'पोंते आल इंदियानो' म्हणतात. म्हणजे त्या हिंदी माणसापाशीचा पूल.

दगडावर सगळ्या पदव्या कोरलेल्या असूनही लोकांच्या तोंडी राहिला तो नुसता 'हिंदी माणूस'. छत्रपती नाही, भोसले नाही, पाटणकर नाही. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. मग वाटले, आपण तरी काय केले? ज्या गावात त्यांच्या नावाचे कॉलेज १८८० पासून चालू आहे, तेथला इतिहासाचा मास्तर तीन वाक्यांपुढे जाऊ शकला नाही. फ्लॉरेन्सकरांनी नाव विसरून निदान माणूस म्हटले. आम्ही नाव जपले आणि माणूस विसरलो.

येथे कोणी म्हणेल, राजांविषयी हळवे होण्याचे दिवस गेले. रयतेचे मरण कोण लिहितो? आक्षेप खरा आहे. स्कॉटलंडात तर लेकरांचे बाप म्हणवणाऱ्या कुळप्रमुखांपैकी कित्येकांनी पुढे मेंढ्यांसाठी जमिनी मोकळ्या केल्या आणि आपल्याच कुळाची माणसे घराबाहेर काढली. त्याच शतकात वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या डोंगरी कुळांच्या निष्ठेच्या गोष्टी घरोघर पोचवत होत्या. कुळाचा अभिमान आणि कुळातली माणसे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यावरून शिकावे. पण माझा मुद्दा राजेपणाचा नाहीच. राजेपणाने ज्याला झाकून टाकले त्या मुलाविषयी मी बोलतो आहे.

आणि असा मुलगा एकच नव्हता. राजारामांच्या मागे १८७१ मध्ये दत्तक आलेले नारायणराव, म्हणजे त्या वेळचे शिवाजी महाराज, हेही विशीतच गेले. त्यांना वेड लागले असे सरकारने ठरवले, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले, आणि तेथे गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी ते वारले. त्यांच्या छळाविषयी लिहिले म्हणून 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांवर कोल्हापूरच्या दिवाणांनी खटला केला, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर तुरुंगात गेले. त्यातून आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक मराठीला मिळाले. शेक्सपियरच्या हॅम्लेटचे त्यांनी केलेले 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ चे. वेडाचा आरोप असलेल्या राजपुत्राचे ते नाटक. म्हणजे या प्रकरणातून आम्हांला संपादकांचे एकशे एक दिवस मिळाले, डेन्मार्कच्या राजपुत्राचे मन मराठीत मिळाले. पण ज्याच्यासाठी हे सारे झाले त्या कोल्हापूरच्या मुलाच्या हातची रोजनिशी आमच्यापाशी नाही. त्याच्याविषयी बोलतात ते डॉक्टर, दिवाण, अधिकारी आणि वर्तमानपत्रे. एकाच गादीवरचे, एकाच वयात गेलेले दोन मुलगे. पहिल्याविषयी मी प्रेमाने लिहू शकतो, कारण त्याने बेताच्या इंग्रजीत का होईना, आपल्या दिवसांच्या नोंदी ठेवल्या. दुसऱ्याविषयी मला फक्त हळहळ वाटू शकते. बेताच्या पुस्तकाचेही मोल केवढे असते, ते मला या तुलनेने पटले.

आता थोडे घरचे. आमचे गाव कागल तालुक्यातले. आमच्याकडे आणि सीमाभागात हेळवी येतात; घराण्यांच्या वंशावळी ठेवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. स्कॉटलंडच्या कुळांतही शेनाखी नावाचा असाच वंशावळीकार असे, आणि प्रमुखाच्या थोर पूर्वजांची नावे तो पाठ म्हणून दाखवी. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, भावकीतल्या थोरल्या पातीचे होते. राजे नव्हेत, पण बांधाचे भांडण असो की लग्नाची बोलणी, त्यांच्या ओट्यावर आल्याशिवाय मिटत नसत. ते गेले, आणि कार्याच्या दिवशी मामांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. त्या दिवसापासून चुलते मला अरे-तुरे करायचे थांबले. फेट्याने काय होते ते मला तेव्हा कळले.

पुढे हेळवी आला. त्याने वही उघडली, मागच्या पिढ्या म्हणून दाखवल्या आणि शेवटी आबांचे नाव घातले. आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "नाव घातलासा, बरं केलासा. पर त्यो माणूस कसा हुता, ते कुठं लिवलं?"

हेळवी हसून म्हणाला, "आक्का, माणूस तुमी ध्यानात ठेवायचा. आमी नावं ठेवतो."

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण त्यावर मी गप्प बसलो. आबांवर मी एक लेख लिहिला होता, गावच्या स्मरणिकेत. तो काढून पाहिला. त्यात वटवृक्ष होता. आबा पहाटे विहिरीवर मोटार सुरू करायला जाताना खिशात भुईमुगाच्या शेंगा टाकून जात आणि टरफले परत खिशातच घालून आणत, कारण बांधावर घाण नको. हे त्यात नव्हते. भावकीचा वडील मी लिहिला होता, बाप राहून गेला होता.

तेव्हा राजारामांच्या रोजनिशीविषयी माझा अभिप्राय एवढाच. हे थोर पुस्तक नाही. पण राजघराण्यातल्या मरणाविषयी जे थोर लिहिले गेले आहे त्याच्या शेजारी ते ठेवून वाचावे. सभासद वाचल्यावर गादी म्हणजे काय ते कळते. ही रोजनिशी वाचल्यावर गादीवर कोण बसले होते ते थोडेसे कळते. मराठी वाचकाला दोन्ही पाहिजेत, आणि शाळेत शिकवताना मला दोन्ही पाहिजेत. यंदा वर्गात दुसरे राजाराम आले तेव्हा मी तीन वाक्यांवर थांबलो नाही. तास संपला तरी मुले बसून होती, आणि एकाने विचारले, "सर, त्यांच्या आईला कधी कळलं?" त्याचे उत्तर मला देता आले नाही. पण प्रश्न बरोबर होता.

भाऊबीजेला घरोघर माणसे जमतील. थोरली माणसे जुन्या गोष्टी काढतील, कोणाची कोणती पाती यावर वाद घालतील. नावे त्यांना बिनचूक आठवतील. त्या वेळी एखाद्या पोराने वही आणावी आणि गेलेल्या एका माणसाविषयी चार ओळी लिहून घ्याव्यात: काय खायचा, कशाला हसायचा, कोणावर रागवायचा. अक्षर वाईट असले तरी चालेल. भाषा बेताची असली तरी चालेल.